तयार फाईल नको, कोड टाका!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. जळगाव-धुळ्यात लग्नांचा धडाका सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिकांचा पूर येतो आणि त्यात एखाद्या पत्रिकेच्या नावाला 'एपीके' असं शेपूट असतं. ती पत्रिका नसते, फोनमध्ये बसणारा प्रोग्राम असतो. एकदा बसला की मेसेज वाचायची परवानगी मागतो, मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तोच वाचतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये अशाच पत्रिकेपायी गेले.

पण हे आवाहन चोरांना नाही, ते कुठे माझं ऐकणार! हे आहे आपल्याच हुशार पोरांना. बांभोरी, शिरपूर, फैजपूरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या, केळीच्या वजनाचा हिशोब नाहीतर शाळेची गुणपत्रिका करून देणारा छोटासा प्रोग्राम लिहून कौतुकाने ग्रुपवर टाकणाऱ्या पोरांना.

तुम्ही टाकता ती तयार फाईल, ईएक्सई किंवा एपीके. पायथनचा कोड बांधून केलेल्या ईएक्सईवर अँटिव्हायरस पुष्कळदा उगाच ओरडतो. मग तुम्हीच खाली लिहिता, 'अँटिव्हायरस बंद करून चालवा, काही होत नाही.' तुमच्या मनात पाप नाही, मान्य. पण चोराला हवी असलेली सवय गावाला तुम्ही फुकटात लावून देता. उद्या त्याचीही फाईल याच वाक्यासकट येईल. तुमची कोणती आणि त्याची कोणती, हे तुमच्या काकांनी कशावरून ओळखायचं?

कोड म्हणजे माणसाला वाचता येईल असा मजकूर. तो कंपाईल केला की यंत्राला कळणाऱ्या सूचना उरतात. आत काय शिजतंय ते सहजासहजी कळत नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांना कोड वाचता येत नाही, हे खरं. पण दोघांना जरी आला, तरी 'हा संपर्कयादी कशाला उघडतोय रे?' असं विचारणारं कुणीतरी असतं.

कोड उघडा असला की सगळं निर्धोक, असंही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. गंमत बघा, विष लपवलं होतं ते चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाईलींत. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता खोदत गेला. खोदायला पुढ्यात कोड होता, म्हणून तर मुळापर्यंत पोचला.

मूळ साधन लोकांपुढे उघडं ठेवायचं, हे धुळेकरांना नवीन वाटू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली. आपला निष्कर्ष तेवढा सांगून ते थांबले नाहीत, मूळ पत्रं लोकांपुढे ठेवली, म्हणून त्यांच्याशी भांडताही आलं. १९२६ मध्ये ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथेच आहे.

माझं दुःख मात्र साधं आहे. मी डीटीपी करतो. जुन्या फॉन्टमधलं एक पुस्तक युनिकोडमध्ये आणायला एका मुलाने केलेला कन्व्हर्टर मिळाला. झकास चालला, फक्त 'शेतकऱ्यांना'चं सगळीकडे 'शेतकर्यांना' झालं. दुरुस्ती एखाद्या ओळीची असावी. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, 'दादा, तो लॅपटॉपच गेला, कोड कुठे उरलाय!' आता ती ईएक्सई जन्मभर तीच चूक करणार, आणि मी हाताने दुरुस्त करत बसणार.

म्हणून आजपासून एवढं करा. गिटहबवर नाहीतर झिप करून, पण कोड टाका. कसा चालवायचा ते दोन ओळी मराठीत लिहा. सोबत परवाना जोडा, नाहीतर तुमचा कोड सुधारून पुढे वाटायचा हक्कच कायद्याने कुणाला मिळत नाही. तयार फाईल द्यावीच लागली, तर ती त्या कोडशेजारीच ठेवा. 'अँटिव्हायरस बंद करा' हे वाक्य पुन्हा लिहू नका. ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींनी कोडाविना आलेली ईएक्सई, एपीके दिसताक्षणी उडवावी, टाकणारा सख्खा भाचा असला तरी. मास्तरांनीही प्रोजेक्टला गुण देताना पडद्यावरच्या रंगीत बटणांऐवजी कोड उघडून बघावा.

बाकीच्यांनी एवढंच ध्यानात ठेवा: पत्रिका पाहायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. चुकून केलंच, तर फोनचं नेट तोडा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. लाजत बसू नका, तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात.

आणि 'ऱ्या' नीट उमटवणारा कन्व्हर्टर कुणाकडे कोडासकट पडून असेल, तर आज रात्रीच टाका. माझी अजून चाळीस पानं बाकी आहेत.