विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक मागू नका

“डॉक्टर, सर्दी-ताप आहे, घसा दुखतोय. परवा लग्नाला जायचंय, जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या.” पावसाळा सुरू झाला की हे वाक्य मी रोज ऐकतो. ‘व्हायरल आहे, गरज नाही’ म्हटले की पेशंटचा चेहरा पडतो. काही जण तर थेट मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी घेऊन घरी जातात. हे चुकीचे आहे. का चुकीचे, ते कळायला आधी विषाणू म्हणजे काय हे समजून घ्या.

जिवाणू म्हणजेच बॅक्टेरिया ही एक संपूर्ण पेशी असते. बहुतेक जिवाणूंना स्वतःची भिंत असते, प्रथिने बनवण्याची स्वतःची यंत्रणा असते. विषाणूकडे यातले काहीच नसते. डीएनए किंवा आरएनएचा धागा आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा संसार. फ्लूचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण जिवाणूच्या एक दशांश. पेशीबाहेर तो निपचित पडून असतो. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो. आपल्या घरात घुसून आपल्याच चुलीवर स्वतःच्या पंगती उठवणारा हा पाहुणा!

त्याच्या तावडीतून कोणी सुटलेले नाही. भेंडीची पाने पिवळी पाडणारा हळद्या रोग, २०२२ मध्ये आपल्याकडच्या गाई-बैलांना झालेला लम्पी, माणसांचा डेंग्यू, हे सगळे विषाणूंचेच आजार. खुद्द जिवाणूंनाही विषाणू गाठतात. त्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज म्हणतात.

आता अँटिबायोटिककडे या. अमॉक्सिसिलिन जिवाणूला भिंत बांधू देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याची प्रथिने बनवण्याची यंत्रणा बंद पाडते. विषाणूला अशी भिंतही नाही आणि ती यंत्रणाही नाही. मग गोळी मारणार कशाला?

“पण मागच्या वेळी गोळी घेतली आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला!” उतरला ना. साधा व्हायरल ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत उतरतोच. काम तुमच्या प्रतिकारशक्तीने केले, श्रेय गोळीने घेतले.

आणि त्याची किंमतही वसूल केली. आतड्यातले उपयोगी जिवाणू मेले, जुलाब झाले. जे चिवट जिवाणू वाचले ते वाढले. उद्या तुम्हाला न्यूमोनिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तर हीच गोळी चालेल याची खात्री नाही. शिवाय हे चिवट जिवाणू तुमच्यापुरते राहत नाहीत, घरातल्या आजीपर्यंत आणि तान्ह्या बाळापर्यंतही पोचतात.

दोष तुमच्या एकट्याचा नाही. कायद्याने बंदी असूनही चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणारे दुकानदार यात आहेत. पेशंट दुसरीकडे जाईल या भीतीने लिहून देणारे आम्ही डॉक्टरही आहोत. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात, चिठ्ठी लिहायला एकही नाही.

विषाणूंवर औषधेच नाहीत असे मात्र नाही. फ्लूसाठी ओसेल्टामिविर आहे, नागिणीसाठी असायक्लोव्हिर आहे. हिपॅटायटिस सी आज बरा होतो, एचआयव्ही ताब्यात ठेवता येतो. पण ती अँटिबायोटिक्स नव्हेत. उलट टायफॉइडसारखा जिवाणूंचा आजार असेल, तर अँटिबायोटिक हवेच, आणि तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस.

साध्या व्हायरल तापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती पुरते. डेंग्यूची शक्यता असते, म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, धाप लागली, पोट सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, कुठूनही रक्त आले किंवा गुंगी वाटली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि तिथे गेल्यावर ‘स्ट्राँग द्या’ म्हणू नका. “हे विषाणूचे आहे की जिवाणूचे?” असे विचारा. ‘विषाणूचे’ असे उत्तर आले आणि हातात अँटिबायोटिकची चिठ्ठी पडली, तर ती कशासाठी हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.