जोडीनं डोंगर

हिवाळा आला की स्कीच्या फळ्या खांद्यावर टाकून कधी औली, कधी गुलमर्ग गाठणारी जोडपी असतात. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे बर्फ पडत नाही आणि खांद्यावर त्रिशूळ असतो. पण नवरा-बायको मिळून डोंगराचं वेड जन्मभर सांभाळणारी माणसं इथंही गावोगाव आहेत. त्यांना कोणी हौशी म्हणत नाही, कारण ती 'महादेवाला' जातात.

सौंसरची माझी आत्या आणि मामाजी त्यांतलेच. लग्न झालं, मुलाचा नवस बोलला गेला, फळाला आला आणि दोघं महाशिवरात्रीला पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ वाहून आली. पुढच्या वर्षी जायचं काही कारण नव्हतं, तरी पुन्हा निघाली. "नवस तं फिटला, आता काऊन जाता?" आजीनं विचारलं. आत्या म्हणाली, "महादेव काय नवसापुरताच हाय काय, आई?"

या उत्तराचं मोल आमच्याकडचं वातावरण माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. त्या काळी तरण्या जोडप्यानं दोघांनीच कुठं फिरायला जाणं गावात खपत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दगडफेकीची गोटमार होते. तिची सांगितली जाणारी कथाच नदी ओलांडून निघालेल्या प्रेमी जोडप्यावर पडलेल्या दगडांची आहे. अशा मुलखात बाईला नवऱ्यासोबत दोन-चार दिवस घर, चूल, गोठा सोडून रानात हिंडायला मिळायचं ते महादेवाच्या नावानं. आत्याची भक्ती खरीच आहे. पण तिला डोंगरही तितकाच हवा होता, आणि तो मामाजींसोबत हवा होता, हे मी ठामपणे सांगतो.

शिवरात्रीच्या सुमारास मृग बहाराच्या संत्र्याची तोड चाललेली असते. व्यापारी बागेत उभा आणि मालक डोंगरावर, यावरून घरात बोलणी होत. मामाजी सौदा आधीच उरकून घेत. मग छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली करत पचमढी. पांढुर्ण्याची मंडळी रेल्वेनं इटारसीवरून पिपरियालाही उतरतात. चौरागडाला तेराशेच्या घरात पायऱ्या आहेत आणि वर त्रिशुळांचं रानच उगवलेलं. काही जण माणसापेक्षा उंच, वजनदार त्रिशूळ वाहून नेतात.

पण आत्याचा जीव पचमढीच्याच नागद्वारी यात्रेत. वाघांच्या राखीव जंगलातली ही वाट नागपंचमीच्या आगेमागे मोजकेच दिवस उघडते, तेही भर पावसात. विदर्भातून माणसांची रीघ लागते. वाटेत मंडळांचे तंबू, तिथं खिचडी, चहा आणि ओल्या कपड्यांची ऊब. काजरी, पद्मशेष, चिंतामणी अशी ठाणी करत माणसं चालतात. नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालण्याचा नवस बोललेल्या बाईची गोष्ट काजरीला सांगतात.

एका वर्षी मीही त्यांच्यासोबत होतो. धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त पन्नी दिसायची. निसरड्या लोखंडी शिडीपाशी आत्यानं लुगड्याचा ओचा खोचला, चपला पिशवीत टाकल्या आणि आधी स्वतः चढली. वरून ती मामाजींना सांगत होती, "डावा पाय. आता दांडा धरा. खाली पाहू नका." घरी पाहुण्यांसमोर मामाजींच्या आधी न बोलणारी आत्या! मामाजी ती म्हणेल तसे निमूट पाय टाकत होते आणि वर पोचल्यावर चक्क हसत होते. नवरा-बायकोंमधली ही अदलाबदल मला त्या वाटेवर पुष्कळ जोड्यांत दिसली.

सातपुड्याची एक गोष्ट मला फार आवडते. वय होईल तसा तो दुसरा डोंगर पुढं करतो. नागद्वारीची चाल झेपेनाशी झाली तेव्हा दोघं चौरागडापुरती जात राहिली. मामाजींचे गुडघे गेले, तेव्हा गाडीनं गाठायचं चिखलदरा निघालं. तिथल्या कॉफीची रोपं पाहून मामाजींनी आपल्या बागेत लावायचा हट्ट धरला. आत्यानं पाणी कुठून आणणार एवढंच विचारलं. तामियाच्या कड्यावरून तर गाडीतून उतरून चार पावलांत दऱ्या दिसतात.

एक मात्र मनापासून वाटतं. नागद्वारीच्या वाटेवर हजारो बाया जातात. त्यांच्यासाठी पुरेशी, बंदिस्त शौचालयं हवीत. आत्या निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी कमी प्यायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. यात्रेचा बंदोबस्त ठरवताना ही गोष्ट वरच्या क्रमांकावर असावी.

यंदा दोघांचं धूपगड ठरलं आहे. १३५० मीटरचं सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, पण जीप थेट वर जाते. मामाजींनी काठी घेऊ का विचारलं, तर आत्या म्हणाली, "घ्या. उतरल्यावर थोडं तं चालूच."