विहिरीतला दुसरा सिंह

गेल्या पौषात आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. संमेलनाला पाहुणे लागतात, पाहुण्यांना भाषण लागते आणि भाषणाला अलीकडे सिंह लागतो. आमचे पाहुणे उमदे गृहस्थ होते. टेबलावर मूठ आपटून ते मुलांना म्हणाले, “कळपाने मेंढरे चालतात. सिंह एकटा चालतो!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. हे आधीच कबूल केलेले बरे. कारण आता जो खटला मी उभा करणार आहे, त्यात पहिला आरोपी मीच आहे. अठरा वर्षे मी वर्गात ‘वनराज सिंह’ हा निबंध उतरवून देत आलो आहे आणि त्यातले दुसरेच वाक्य ‘सिंह एकटा राहतो, त्याला कोणाच्या साहाय्याची गरज नसते’ असे आहे.

आमच्या पाचवीच्या वर्गात दोन मुले एका बाकावर बसत. दोघे एकाच वाडीवरचे. वाटेत ओढा लागतो. पावसाळ्यात पाणी चढले की त्यांतला दांडगा पोरगा किरकोळ पोराचे दप्तर डोक्यावर घेई आणि हाताला धरून त्याला पार करी. शाळेत पोचल्यावर किरकोळ पोरगा दांडग्याला अपूर्णांक समजावून देई. हा करार त्यांनी कधी कागदावर केला नव्हता. पहिलीपासून तो आपला चालत आला होता. संमेलनानंतर पंधरा दिवसांनी मी पाहतो तो किरकोळ पोरगा वहीभोवती हाताचा कोट करून बसलेला, आणि दांडगा खिडकीबाहेर पाहत असलेला. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली होती. मी विचारले, “का रे, त्याला दाखवत नाहीस?” पोराने मान वर न करता उत्तर दिले, “गुरुजी, सिंह एकटाच असतो ना?”

माझ्याच निबंधाने माझ्या थोबाडीत मारली.

मी काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. चार कादंबऱ्या नावावर आहेत, पण त्यांत सिंह नाही. तथापि ज्या प्राण्याचे नाव घेऊन आपण मुले घडवायला निघालो आहोत तो प्राणी प्रत्यक्षात वागतो कसा, एवढे पाहायला पदवी लागत नाही. मी तर तो डोळ्यांनी पाहिला होता! सोमनाथला गेलेल्या आम्हा शिक्षकांच्या सहलीत आम्ही सासणला उतरलो होतो. गीरच्या जंगलात जीप थांबली. सागाच्या पाचोळ्यात एक तरुण नर पडला होता. थोड्या वेळाने झुडपातून दुसरा नर आला, त्याने पहिल्याच्या गालावर आपला गाल घासला आणि अर्धे अंग त्याच्यावर टाकून तो आडवा झाला. जत्रेहून दमून आलेले भाऊ ओसरीवर पडतात, अगदी तसे. वाटाड्या हळूच म्हणाला, “जोडी आहे.” मी फोटो काढला, घरी आलो आणि पुन्हा तोच निबंध उतरवून दिला. डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा वहीत लिहिलेले आम्हा मास्तरांना अधिक खरे वाटते.

आता पुराव्याकडे वळू. टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात जॉर्ज शॅलर यांनी १९६६ साली सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि १९७८ पासून क्रेग पॅकर व अ‍ॅन प्युसी यांनी तो वर्षानुवर्षे पुढे नेला. त्यातून दिसते ते असे. नर छावा दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला जन्माचे घर सोडावे लागते. हे तरुण बहुधा मिळून बाहेर पडतात. सख्खे, चुलत, मावस असे. मग दुसऱ्यांच्या हद्दींतून लपतछपत त्यांचे भटकणे सुरू होते. या भटकंतीत ते सहसा गर्जना करीत नाहीत. गर्जना ही हद्दीच्या मालकाची खूण; बेघराने ती केली तर मालक धावून येतो. म्हणजे एकटा सिंह गर्जत निघाला आहे आणि रान थरथरते आहे, हे आमचे लाडके चित्र मुळातच खोटे. एकटा, बेघर सिंह तोंड मिटून चालतो.

पुढे चार-पाच वर्षांचे झाले की हे तरुण एखाद्या कळपावर चाल करतात. होय, कळपच, सिंहाचाही कळप असतो. एकट्या नराच्या हाती तो क्वचित लागतो, आणि लागला तरी फार दिवस टिकत नाही. दोघांचे राज्य एकट्यापेक्षा जास्त चालते, तिघाचौघांचे त्याहून जास्त.

‘भाऊच ते, एकमेकांना धरून राहतील नाही तर काय!’ असे कोणी म्हणेल. आपल्याकडचे भाऊ वीतभर बांधासाठी किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी हे म्हणू नये. पण तेही असो. पॅकर आणि प्युसी यांनी १९८२ साली दाखवून दिले की नरांच्या टोळ्यांतले सगळेच एकमेकांचे नातलग नसतात. चार किंवा अधिक नरांची टोळी बहुतकरून भावाभावांची असते हे खरे. परंतु जोडीत आणि तिकडीत परके पुष्कळदा आढळतात. पुढे १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ध्वनिक्षेपकावरून परक्या नराची गर्जना ऐकवायची आणि हद्दीचे मालक काय करतात ते पाहायचे. मालक आवाजाच्या दिशेने चालून गेले. भागीदार रक्ताचा आहे की परका, याने फरक पडला नाही. भागीदार त्या वेळी जवळ नसला तरीही जाणारा गेला. आमच्या वाडीवरचे दांडगा आणि किरकोळ तरी एकमेकांचे कोण होते?

मात्र पाहुण्यांचा सिंह खाली उतरवून त्या जागी दुसरा गोंडस सिंह बसवण्याचा माझा विचार नाही. भागीदारीतही वाटण्या सारख्या नसतात. आपल्या गीरमधल्या जोड्यांवर स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०१७ साली जे प्रसिद्ध केले ते वाचून माझे डोळे उघडले. जोडीत एक वरचढ असतो. सत्तर टक्क्यांहून अधिक मीलने त्याच्या वाट्याला जातात आणि शिकारीतले मांसही तोच जास्त खातो. मग दुसरा राहतो कशाला? कारण एकट्याच्या पूर्ण वाट्यापेक्षा जोडीतला धाकटा वाटा मोठा असतो. हा हिशेब सिंहाला जमतो. आपल्याला जमत नाही, कारण आपल्याला वाटा किती मिळाला यापेक्षा शेजाऱ्याला किती मिळाला हे आधी मोजायचे असते.

शिवाय एकी म्हणजे पुण्य, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानाला लागून साबी सँड नावाचे राखीव रान आहे. तेथे २००६ साली सहा नरांची एक टोळी शिरली. ‘मापोगो’ या नावाने ती जगभर गाजली. सहा जण एकत्र आल्यावर त्यांना अडवणारे कोणी उरले नाही. त्यांनी एकामागून एक कळप घेतले, दुसऱ्यांचे छावे मारले. नवे नर आले की आधीचे छावे मारतात, ही सिंहांची रीतच आहे. पण या टोळीतल्या एकाने पुढे आपल्याच भागीदारांचे छावे मारले. २०१० मध्ये दुसरी तरुण टोळी चालून आली, एक मापोगो मारला गेला, आणि आधीच फुटलेली ती सत्ता २०१२ पर्यंत संपली. बाहेरच्याने पाडण्याआधी ती आतून पडली होती. तेव्हा मुलांना ‘एकत्र या’ एवढेच सांगून भागत नाही. एकत्र येऊन काय करणार, हेही विचारावे लागते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. युगांडातील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात जेकब आणि टीबू हे दोघे भाऊ. चोरट्या शिकाऱ्यांच्या सापळ्यात जेकबचा मागचा एक पाय गेला. तीन पायांचा सिंह! आमच्या निबंधाप्रमाणे त्याने केव्हाच मरायला हवे होते. १ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री हे दोघे काझिंगा कालव्यात उतरले. पात्र सुमारे दीड किलोमीटरचे, आत मगरी आणि पाणघोडे. काही तासांपूर्वीच त्यांनी दुसऱ्या नरांकडून मार खाल्ला होता आणि बहुधा सिंहिणींच्या शोधात त्यांना पैलतीर गाठायचा होता. उतरले, फिरले, काठावर आले, पुन्हा उतरले. आणि अखेर दोघेही पार झाले. आकाशातल्या छायाचित्रणाच्या यंत्राने हे सारे टिपले आहे. कोणी कोणाला वाहून नेले नाही, जो तो आपल्या पायांनी पोहला. पण पोहले दोघे बरोबर.

आता माझे विरोधक बरड्याच्या सिंहाला साक्षीला आणतील. पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात १८७९ नंतर सिंह राहिलेला नव्हता. २०२३ च्या जानेवारीत एक तरुण नर तेथे एकटाच चालत आला आणि स्थिरावला. खरे आहे, त्याच्या धैर्याला माझा नमस्कार. पण बरडा पुन्हा सिंहांचा झाला तो त्याच्या एकट्याने नव्हे. सिंहिणी आल्या आणि २०२५ च्या गणनेत तेथे १७ सिंह मोजले गेले, त्यांत ११ छावे. एकटा येतो तो पाहुणा; घर व्हायला दुसरे कोणी लागते.

मग हा एकटा सिंह आपल्या डोक्यात शिरला कोठून? मला वाटते, गोष्टीतून. पंचतंत्रातला सिंह आठवा. त्याला कोल्ह्यांचे मंत्रिमंडळ असते, बैलाशी मैत्री असते, सशाकडून फसवणूक असते. पण दुसरा सिंह? तो त्याला भेटतो विहिरीत. वाकून पाहतो, आपल्यासारखाच एक दिसतो, आणि लगेच त्याचा गळा धरायला हा उडी टाकतो. आम्ही ही गोष्ट सशाच्या चातुर्याची म्हणून शिकवतो. खरे तर ती, आपल्यासारखा दुसरा दिसला की तो वैरीच, असे धरून चालणाऱ्याची आहे. आपले पूर्वज गोष्टी सांगण्यात चुकले नाहीत. आपण त्या ऐकण्यात चुकलो. सिंहगडाचेही तेच. तानाजी पडल्यावर पळत सुटलेल्या मावळ्यांना सूर्याजीने दोर कापून मागे फिरवले, ही कथा सर्वांनी ऐकलेली असते. तरी सिंह म्हणून मुलांना एकच नाव पाठ असते.

आता त्या दोघांचे काय झाले ते सांगतो. शिष्यवृत्तीत किरकोळ पोरगा उत्तीर्ण झाला. दांडगा सात गुणांनी गेला. त्याचे अपूर्णांकच चुकले होते. पुढे श्रावणात ओढ्याला पाणी आले. दांडगा एकटा पार होऊन शाळेत आला. किरकोळ पोरगा तीन दिवस घरी. मी चौकशी केली, तर दांडग्याने सांगितले, “त्याने हाक मारली नाही.” दुपारी मी सहावीच्या वर्गात निबंधाचे ते दुसरे वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांसमोर पुसले. जेकब आणि टीबूची गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशी दोघे ओलेचिंब होऊन वर्गाच्या दारात उभे होते. बाक पुन्हा एक झाले आहे. पण वहीभोवतीचा हात अजून पुरता निघालेला नाही. एका भाषणाने बिघडते ते एका गोष्टीने दुरुस्त होत नाही.

येत्या पौषात पुन्हा संमेलन आहे. पाहुण्यांना निमंत्रण धाडताना मी खाली एक ओळ स्वहस्ते लिहिणार आहे: सिंहाला आणणार असाल, तर जोडीने आणावे.