शेताला बेल नसते

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी सह्याद्रीकडे धावू लागतात. एखादा गड, धबधबा, घाटवाट असे काहीतरी गाठायचे असते आणि तिथवरची वाट पुष्कळदा कुणाच्या तरी भातखाचरातून जाते. ते खाचर कुणाचे, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. शहरात शेजाऱ्याकडे जायचे तरी आपण बेल वाजवतो. शेताला बेल नसते, भिंत नसते, अनेकदा कुंपणही नसते. तेव्हा ते सगळ्यांचेच, असा आपला सोयीस्कर समज.

वास्तविक जून-जुलै हा भातशेतीचा अत्यंत नाजूक काळ. लावणीसाठी वाढवलेले रोप परक्याला नुसती हिरवळ वाटते. वीस जणांची टोळी त्यावरून गेली, तर ते पुन्हा पेरून वाढवण्याइतके दिवस हंगामात उरत नाहीत. बांधाची कड ढासळली की खाचरात अडवलेले पाणी वाहून जाते. उघडे टाकलेले कवाड म्हणजे तर मोकाट गुरांना आमंत्रणच. ‘आम्ही नुसते चालत गेलो’ हे म्हणणे खरे असते. नुकसानही खरे असते.

गावगाड्याला परक्या जमिनीत शिरण्याची रीत ठाऊक आहे. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारा धनगर शेतात मेंढ्या बसवतो, तेव्हा आधी शेतकऱ्याशी बोलणे होते. किती रात्री बसवायच्या, बदल्यात धान्य किती, पैसे किती, सगळे ठरते. शेताला लेंडीखत मिळते, धनगराला मुक्कामाची जागा. तंटे तिथेही होतात, नाही असे नाही; पण विचारण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तो वाटतो आपल्याला, गाडीतून आलेल्यांना.

उलट, विचारल्यावर शेतकरी कचरला तर त्याला लगेच उर्मट ठरवू नये. ‘आज वाट दिली, उद्या हक्क सांगतील’ ही त्याची धास्ती असते. वाटेवरून भावकीत बोलणे बंद झालेली घरे गावोगाव सापडतील. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा यांखाली रस्त्याचे दावे तहसीलदारांपुढे चालतच असतात. परंतु पाहुण्यांच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून वापरली, तरच वहिवाटीचा दावा उभा राहतो. परवानगी घेऊन वापरलेल्या वाटेवर, मग वर्षे कितीही लोटोत, असा हक्क जडत नाही. म्हणजे विचारणारा माणूस मालकाचे काहीच नेत नाही. उलट दर खेपेला त्याची मालकी कबूल करतो. हे शेतकऱ्यांनाही कुणीतरी सांगायला हवे.

विचारायचे कुणाला? सातबारावर चार भाऊ आणि तीन बहिणी असतात, त्यातले निम्मे मुंबईत. त्या भानगडीत पडू नये. जो कसतो त्याला, तो दिसला नाही तर वाटेवरच्या पहिल्या घरात विचारावे. ‘‘मामा, तुमच्या वावरातून गडाकडं जायचंय, जाऊ का?’’ एवढे पुरते. ‘‘जा की, पर रोपात पाय देऊ नगा,’’ असे बहुधा उत्तर येते. तंबू ठोकायचा किंवा चूल पेटवायची तर आदल्या दिवशी निरोप धाडावा आणि मुक्कामाचे काही द्यावे. नकार आला तर वाद न घालता वळसा घालावा. नकाराचे कारण सांगायला तो बांधलेला नाही.

आणि परतताना त्याच घरी ‘आलो खाली’ म्हणून सांगून जावे. वर गेलेली मंडळी अंधार पडला तरी उतरली नाहीत, तर हातात बॅटरी घेऊन आधी निघतो तो त्याच घरातला माणूस.