घरघरणारी कोंबडी बाजारात नको

थंडीत परसातली कोंबडी घरघरू लागली की आपण ती घाईने आठवडी बाजारात विकतो. चार पैसे सुटतात. पण रोग दहा घरी पोचतो आणि सौदा ऐब लपवून केलेला ठरतो. हे आम्हाला पटत नाही. पुष्कळदा दोष खुराड्याचा असतो. थंडी म्हणून आपण चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावतो. आत ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. खाली वाकून हुंगा. आपल्या नाकाला झोंबले तर रात्रभर कोंडलेल्या कोंबडीचे काय होत असेल! वरच्या बाजूने वारा जाऊ द्या, ओले तूस काढून टाका. मानमोडी जडल्यावर मात्र औषध नाही. तिची लस थंडीपूर्वीच द्यावी. घरघरणारी कोंबडी वेगळी ठेवून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात दाखवावी.