किर्लोस्करवाडी आणि आईचा एक प्रश्न

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. तालुक्याच्या गावी वडिलांचे शेतीच्या अवजारांचे दुकान आहे. गावच्या शाळेत नवी खोली बांधायची ठरली आणि देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जाणार होती. वडिलांनी मोठा आकडा कबूल केला. आई एवढेच म्हणाली, "अहो, दुकानातल्या नोकराचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, तो आधी द्या की!" वडील गप्प बसले. मीही बसलो.

तेव्हापासून एखाद्या व्यापाऱ्याला कोणी 'समाजसेवक' म्हटले की मला आईचा प्रश्न आठवतो. त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचनात आले.

जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत असे कळल्यावर यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. बंधू रामूअण्णांच्या जोडीने सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षे खपले नाहीत, असे सांगतात. न खपलेला माल दुकानात पडून राहिला की घरातले वातावरण कसे होते, हे मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. साल १९१०. निवडुंगाने भरलेला माळ! तिथे कारखान्याबरोबर गावही उभे राहिले. मला विशेष वाटते ते पुढचेच. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच हाती राखण! आणि वाडीत शिवाशिव चालणार नाही, असे त्या काळी ठरवले. याला पैसा थोडा लागतो, छाती मोठी लागते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. ते हवेच. पण पहारेकरी कोण नेमावा, हे कोणत्या टक्क्यात बसवणार?

एक गोष्ट मात्र खटकते. राधाबाईंविषयी फार थोडे लिहिलेले आढळते. थोरले शंतनुराव तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचे. अशी लहान मुले घेऊन त्या माळावर संसार मांडणे हे काय कमी धाडस होते? कुटुंबवत्सल उद्योगपतीचे चरित्र लिहिताना कुटुंबाला एक परिच्छेद मिळतो, ही आपली जुनीच रीत.

वसतिगृहातला माझा एक मित्र म्हणतो, "नोकरी त्याची, घर त्याचे, गावही त्याचेच, मग कामगाराने भांडायचे कुणाशी?" त्याचे म्हणणे मला सहज झटकता येत नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर वसलेले गाव तो माणूस चांगला असेतोवर सुखी. तरीही पगार थकवून पाटी लावणाऱ्यापेक्षा मी असा मालक पसंत करीन. त्याचे देणे निदान कारखान्याच्या दारातून सुरू होत होते.

वडिलांनी शाळेला पैसे दिले, पण थोडे कमी करून. एका महिन्याचा पगार लगेच चुकता झाला, दुसरा संक्रांतीला. खोलीच्या उद्घाटनाला आई आली नाही. तिला त्या दिवशी तिळाचे लाडू करायचे होते, असे तिने सांगितले.