शीर्षप्रहेलिकेचा ताळा

मेडशीच्या आमच्या दुकानातील जुन्या रोजकीर्दींत बापूजींची स्वाध्यायाची एक वही सापडली. तिच्या अखेरच्या पानावर शीर्षप्रहेलिका ही संख्या पूर्ण मांडलेली आहे. पर्युषणात ती पाठशाळेच्या फळ्यावर लिहावी, असे नातीने ठरविले. मी म्हणालो, आधी ताळा पाहू. व्यापाऱ्याची खोड, दुसरे काय!

अनुयोगद्वारसूत्रातील कालगणनेत ८४ लक्ष वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लक्ष पूर्वांगांचे एक पूर्व. असेच दर पायरीस ८४ लक्षांनी गुणत त्रुटितांग, त्रुटित असे चढत गेल्यास अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. तिच्यापुढे आकडे थांबतात आणि पल्योपम, सागरोपम ही उपमेची मापे सुरू होतात.

८४ लक्षात पाच शून्ये. अठ्ठावीस वेळा गुणिल्यावर ती १४० होतात. त्यात एकाचीही भर पडत नाही, कारण ८४ मध्ये पाचाचा अवयवच नाही. शून्यांपूर्वी ५४ अंक, म्हणजे संख्या एकूण १९४ अंकी. ते ५४ अंक असे:

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

मोबाईलवरील गणकयंत्राने आरंभीचे थोडे अंक देऊन हात टेकले. तेव्हा नवाचा ताळा घेतला. ८४ ला तिनाने भाग जातो, म्हणून या संख्येला नवाने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. वहीतील अंकांची बेरीज २५२ भरली. अठ्ठावीस नवे दोनशे बावन्न. नात खडू शोधू लागली.

परंतु नवाच्या ताळ्यात एक उणीव आहे, ती गल्ल्यावर बसणाऱ्यास ठाऊक असते. ५७ च्या जागी ७५ लिहिले तरी बेरीज तीच राहते. अशा वेळी अकराचा ताळा घ्यावा. ८४ ला अकराने भागल्यास ७ उरतात. सातास सातानेच गुणत आणि दर वेळी अकराचे पट टाकत अठ्ठाविसाव्या घातापर्यंत गेल्यास ९ उरतात. आता वहीतील अंक उजवीकडून एकाआड एक घेतले : त्यांची बेरीज ११६, राहिलेल्यांची १३६. अकराने भागून अनुक्रमे ६ आणि ४ उरले. वजाबाकी २. हवे होते ९.

मग तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी कागदावर गुणाकार केला. ८४ चा चौथा घात ४,९७,८७,१३६. त्यावरून सातवा, सातव्याचा वर्ग चौदावा, चौदाव्याचा वर्ग अठ्ठाविसावा. शेवटच्या गुणाकारात हातचे दोनदा चुकले, ती माझी चूक. अखेर दोष सापडला : वहीत ९९७५ च्या जागी ९९५७ उतरले होते. आता एकाआड एक बेरजा ११४ आणि १३८ आल्या. शेष ४ आणि ६, वजाबाकी उणे २, तीत ११ मिळविले की ९.

नात खोडरबर घेऊन आली. पण वहीत खाडाखोड करू नये, हा बापूजींचाच दंडक. म्हणून तिने समासात योग्य अंक लिहिले आणि खाली तिथी घातली.